अर्धं वाक्य आणि घंगाळभर साबुदाणा

एका गावात एक आत्या होती. तशी ती एकाच भाच्याची आत्या. पण ऐन तिशीत तिचं सासर सुटलं, ती भावाच्या घरी कायमची राहायला आली, आणि भाच्याचं ऐकून ऐकून सगळं गाव तिला आत्या म्हणायला लागलं. शेजारची मथुराकाकू तिच्याहून चार वर्षांनी मोठी, तीसुद्धा आत्याच म्हणे. याचा आत्याला वैताग होता. पण तो एकच वैताग असता तर काय हवं होतं!

द्वारकाआत्याला वेळ लागलेला खपत नसे. चूल पेटायला वेळ लागला की ती चुलीवर ओरडे. एसटीला उशीर झाला की थांब्यावरच्या माणसांवर ओरडे, कारण एसटी समोर नसे. कुणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. आणि ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर असे, हीच पंचाईत होती. बरोबर उत्तर देणाऱ्या माणसाला थांब म्हणणार कोण?

शिवाय आत्याच्या हाताला चव होती. गावामागच्या टेकडीवर महादेवाचं देऊळ होतं. महाशिवरात्रीला सगळं गाव उपास करी आणि दुपारी देवळापुढच्या फरशीवर पंगत बसे. पंगतीला साबुदाण्याची खिचडी, आणि ती खिचडी गेली एकतीस वर्षं आत्याच करत होती. मोत्यासारखा मोकळा दाणा, वर दाण्याचं भरड कूट, साजूक तुपात तडतडलेलं जिरं, हिरव्या मिरचीचा बेताचा ठसका. शेजारच्या तीन गावांतली माणसं देवदर्शनाचं निमित्त करून त्या खिचडीसाठी टेकडी चढत. महादेवाला हे माहीत असावं, पण त्याने कधी तक्रार केली नाही.

त्या खिचडीची गावात एक रीत होती. तिला घरटी वाटी म्हणत. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातून एक वाटी साबुदाणा देवळात यायचा. वाड्यावरूनही एकच वाटी आणि झोपडीतूनही एकच वाटी. कुणी जास्त देऊ म्हटलं तरी घ्यायचा नाही, कुणाचा नाकारायचा नाही. सगळ्यांचा साबुदाणा एका घंगाळात पडायचा, म्हणजे खिचडी कुणा एकाची होत नसे. गावात भांडणं पुष्कळ होती, पण त्या दिवशी भांडलेली माणसंसुद्धा एकमेकांचा साबुदाणा खात.

अशी एकोणतीस वर्षं सुरळीत गेली. मग तिसाव्या वर्षी खिचडी बिघडली.

बिघडली म्हणजे काय, अर्धा दाणा गिच्च आणि अर्धा दाणा खडा. एका घासाला टाळ्याला चिकटे, दुसऱ्या घासाला दाताखाली कचकन वाजे. आत्या पाण्यावर ओरडली. एकतिसाव्या वर्षी तिने पाणी विहिरीचं घेतलं, घंगाळ बदललं, चुलीची दिशा बदलली. खिचडी तशीच झाली. पंगतीत कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी पानातलं संपवलं, आणि तेच आत्याच्या जिव्हारी लागलं. एरवी तिच्या खिचडीवर भांडणारं गाव आता तिच्यावर दया करायला लागलं होतं.

त्यानंतर वर्षभर आत्या घरी गुपचूप साबुदाणा भिजवून बघत होती. दुपारी सगळे निजले की वाटीभर भिजवायची आणि संध्याकाळी चिमटीत धरून दाबून बघायची. घरी तो सुरेख भिजे. मग देवळातच काय होतं? कुणाला विचारण्यासारखं नव्हतं. तिच्या मनात एकच भीती घर करून बसली होती, आणि ती तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आपला हात गेला. वाटीभराचा अंदाज राहिला, घंगाळाचा गेला. ज्या हातावर ह्या गावात मानाने जगले तो हातच गेला.

त्यात यंदा देवळाच्या पंचांचे पुढारी बळवंतराव घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"आत्या, यंदा काय ते बघा. नाहीतर पुढच्या वर्षापासून तालुक्याचा केटरर सांगू म्हणतो. तो त्याचाच साबुदाणा आणतो. घरोघरी वाट्या गोळा करायची कटकट नको."

"म्हणजे माझ्याबरोबर घरटी वाटी पण बंद?"

"तसं नाही, पण..."

"तसंच आहे. बशी ठेव खाली, पडेल."

बळवंतराव गेले. आत्या उठली आणि झारा चिंचेने घासायला घेतला, जो परवाच घासला होता.

आता वैजूबद्दल सांगायला हवं. वैजयंता ही आत्याची भाचेसून. लग्न होऊन सव्वा वर्ष झालेलं. पोरगी गुणी होती, निर्मळ होती, पण सावकाश होती. ती पोळी लाटायची तर चंद्रासारखी गोल, पण तोवर तवा तापून लाल. ती बोलायची तर दोन शब्द, मग थांबायची, पुढचा शब्द नीट निवडायची, मग तो बोलायची. मुळात तिला बोलण्यात काही अडचण नव्हती. घाई नव्हती, एवढंच. आणि घाई नसलेलं माणूस आत्याच्या घरात पडलं, हा दोघींच्याही नशिबाचा भाग.

"आत्या, मी काय म्हणते..." असं ती सुरू करी.

"भाजी संपली, हेच ना? आणलीय. फडताळात बघ."

वैजू फडताळात बघायची. तिला भाजीबद्दल काही म्हणायचं नसे. पण भाजी आणलेली असे, म्हणून ती चिरायला घेई.

वैजूच्या माहेरी साबुदाण्याचा घरगुती धंदा होता. तिची आई पापड आणि चिकवड्या करून विकायची. लहानपणापासून वैजूच्या हाताखालून साबुदाण्याची पोती गेली होती. कुठला दाणा किती पाणी पितो हे तिला बोटांनी कळे. हे आत्याला माहीत नव्हतं, कारण ते सांगायला चार वाक्यं लागली असती.

शिवरात्रीचा आदला दिवस उजाडला. आत्याने वैजूला देवळाच्या दाराशी बसवलं. काम सोपं होतं. येईल त्याची वाटी घ्यायची आणि साबुदाणा घंगाळात ओतायचा. आत्या स्वतः मागच्या पडवीत बटाटे मोजत, शेंगदाणे भाजत आणि मथुराकाकूशी भांडत होती. भांडण कोथिंबिरीवरून होतं. मथुराकाकूच्या घरी कोथिंबीर उपासाला चालत नसे, आत्याच्या घरी चाले. हे भांडण दरवर्षी होई आणि दरवर्षी कोथिंबीर अर्ध्याच पातेल्यात पडे.

तेवढ्यात बाहेर गलका वाढला. आत्या पदर खोचून बाहेर आली. बघते तर रांग पायऱ्या उतरून खाली पिंपळापर्यंत गेलेली. माणसं उन्हात वाट्या घेऊन उभी, कुणी वाटी डोक्यावर धरलेली. आणि दाराशी वैजू शांतपणे बसलेली. तिच्यापुढे घंगाळ रिकामं, आणि घंगाळाशेजारी तीन मोठी पातेली.

वैजू एक वाटी घेई. चार दाणे तळहातावर घेऊन उजेडाकडे धरी. नखाने एक दाणा दाबी. मग विचार करून वाटी तिन्हीपैकी एका पातेल्यात ओती.

त्याला कारण होतं. पूर्वी गावात वाण्याचं एकच दुकान होतं, सगळ्या घरांत एकाच पोत्यातला साबुदाणा येई. आता तसं राहिलं नव्हतं. कुणी आठवडी बाजारातून आणी, कुणाचा लेक शहरातून पाकीट पाठवी. कुणाचा दाणा बारीक नि ताजा, तो दोन तासांत मऊ. कुणाचा चण्याएवढा मोठा, त्याला पाच तास कमीच, आणि दोन्ही एकत्र भिजवले तर बारीक दाणा सगळं पाणी पिऊन टाकी नि मोठा कोरडाच राही. आणि कुणी चिवड्याचा, तो चकचकीत नायलॉन साबुदाणा आणलेला, तो तर खिचडीत जायलाच नको. वैजूने बारीक एकीकडे, मोठा दुसरीकडे आणि चकचकीत तिसरीकडे असे वेगळे केले होते. मागच्या दोन वर्षांत खिचडी का बिघडली ते त्या तीन पातेल्यांत उघड्यावर पडलेलं होतं. पण ते वाचायला क्षणभर थांबावं लागलं असतं.

"अगं, काय चाललंय हे?" आत्या कडाडली. "लोकं वाळली उन्हात!"

"आत्या, हे सगळे..."

"सगळे कंटाळलेत, दिसतंय मला! आणि पातेली कशाला काढलीस तीन तीन?"

वैजूने हातातले दाणे खाली ठेवले. थांबली. शब्द निवडला.

"हे सगळे एका..."

"एका घंगाळात जायचेत! एवढंच सांगितलं होतं तुला! त्यात तरी डोकं लावू नकोस!"

आणि आत्याने पदर आवळला, एकेक पातेलं उचललं आणि तिन्हीचा साबुदाणा धाडधाड घंगाळात ओतला. वर हाताने कालवलासुद्धा. रांग खूश झाली. पाऊण तासात एकशे चाळीस वाट्या गोळा झाल्या. याला म्हणतात काम, असं मथुराकाकू मोठ्याने म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी आत्याने साबुदाणा तीन पाण्यांनी धुतला आणि दाणा बुडून वर बोटाचं अर्धं पेर येईल एवढं पाणी ठेवलं. ओलं फडकं झाकायला घेतलं तेव्हा वैजू शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ती मघापासून वाक्य जुळवत होती.

"म्हणजे तुमचा..."

"माझा जीव घे आता! माझा काय? माझा उशीर झाला, माझं डोकं फिरलं, माझा हा शेवटचा साबुदाणा! जा, बटाटे उकडायला लाव."

वैजू गेली. बटाटे छान उकडले.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आत्याने आंघोळ करून, ओल्या केसांनी फडकं उचललं. आत हात घातला आणि तिथेच थिजली. वरचा थर खड्यांसारखा. खाली चिखल. मधे गोळे, आणि गोळ्यांच्या पोटात पुन्हा खडे. मागच्या दोन वर्षांपेक्षाही वाईट. आत्याने मूठ उघडली तर अर्धा साबुदाणा बोटांतून गळाला आणि अर्धा टपटप खाली पडला. ती घंगाळाची कड धरून बसली.

बातमी टेकडीवरून खाली जायला वेळ लागला नाही. वाईट बातमी सावकाश नसते. तासाभरात फरशीवर पन्नास माणसं जमली आणि सगळ्यांत पुढे बळवंतराव.

"हे काय, आत्या?" त्यांनी घंगाळात डोकावून विचारलं. आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते आत्याला रागापेक्षा जास्त लागलं. "पाचशे माणूस येणार आहे. कुणी भिजवला हा?"

मथुराकाकू पुढे झाली. "आत्याचा दोष नाही हो. काल ही सूनबाई दिवसभर दाराशी काहीतरी चाळे करत बसली होती. ह्या पातेल्यातून त्या पातेल्यात. तिनेच घोळ घातला."

"हो हो, मी पाहिलंय," कालच्या रांगेतला कुणी म्हणाला.

"तीन तीन पातेली मांडली होती," दुसरा म्हणाला.

सगळे वैजूकडे वळले. आत्या गप्प होती. तिला काहीच करावं लागत नव्हतं. खोटंसुद्धा बोलावं लागत नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि तिचा एकतीस वर्षांचा मान वाचत होता. नवी सून, तिचं काय, चार दिवस बोलणी खाईल, विसरतील लोक. हे सगळं आत्याच्या मनात येऊन गेलं. ती काही देवी नव्हती.

वैजूने तोंड उघडलं. "मी तीन..."

"बघा, कबूल करतेय!" मथुराकाकू म्हणाली.

"मी तीन..."

"तीन पातेल्यांत केलं ना? कुणी सांगितलं होतं तुला?" बळवंतराव म्हणाले.

वैजू थांबली. शब्द निवडायला लागली. आणि तिचा शब्द निवडून व्हायच्या आत पन्नास माणसांनी पन्नास वाक्यं तिच्या तोंडात कोंबली. आत्या ते बघत होती. तिने आजवर हे कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. वैजूचे ओठ उघडत होते आणि मिटत होते, आणि दर वेळी कुणीतरी तिचं वाक्य तिच्या आधी पुरं करत होतं, आणि दर वेळी चुकीचं करत होतं. आत्याला एकदम शरमेने कानशिलं तापल्यासारखं झालं. हे काम सव्वा वर्ष घरात आपण एकटीने केलं, हे तिला कळलं.

ती उठली आणि झारा घंगाळावर आपटला.

"गप्प बसा सगळे! तिला बोलू दे!"

पक्षीसुद्धा उडाले. वैजूने आत्याकडे पाहिलं, मग घंगाळाकडे पाहिलं. आत्याच्या मनात आलं, बोल गं बाई, बोल लवकर. पण तिने दात आवळून धरले.

"मी तीन चाळण्या आणते," वैजू म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. वैजूलाही त्यांना कळायची घाई नव्हती. ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

तेव्हा आत्याच्या डोळ्यांपुढे कालची तीन पातेली आली, आणि तिने सांगून टाकलं. घसा खाकरला नाही की प्रस्तावना केली नाही. "तिने काल तीन जातीचा दाणा तीन पातेल्यांत वेगळा केला होता. बरोबर केला होता. मी आले, ओरडले आणि एकत्र ओतला. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. घोळ माझा आहे. आता बळवंता, तुझा केटरर बोलावायचा तर बोलाव, पण तो पाचशे माणसाचं आज दुपारच्या आत आणणार नाही. तेव्हा बाजूला हो, मला आणि माझ्या सुनेला काम आहे."

बळवंतराव बाजूला झाले.

चाळण्या आल्या. पहिली मोठ्या भोकांची, दुसरी मधली, तिसरी बारीक. वैजूने त्या एकीवर एक धरायला लावल्या, वर घंगाळातला माल टाकला आणि तांब्याने बारीक धार सोडली. मोठे टणक दाणे वर राहिले. मधल्या चाळणीत चकचकीत. खालच्या चाळणीत मऊ झालेला बारीक दाणा, तोही थोडाच. आणि सगळ्यात खाली परातीत दाट पांढरं पाणी. चाळणीतून न उतरलेले गोळे तिने वेगळे काढून ठेवले.

मग ती एकेक गोष्ट सांगू लागली. एकेका वाक्याला वेळ लागत होता. सगळ्यांनी हात रोखून धरले होते आणि आत्या झारा घेऊन उभी होती, कुणी मधे बोललं तर बघते म्हणून. "अहो म्हणजे..." असं बळवंतराव एकदा म्हणायला गेले आणि झाऱ्याकडे बघून गप्प झाले. आत्याचा स्वतःचा जीव तर वर-खाली होत होता. चार वेळा वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि चार वेळा तिने ते गिळलं. उपासाच्या दिवशी तेवढंच तिच्या पोटात गेलं.

गोळे उकडलेल्या बटाट्यात मळले. त्यात कूट, मिरची आणि जिरं पडलं, आणि त्याचे वडे झाले, बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत. उरलेल्या मळलेल्या पिठाची केळीच्या पानावर थापलेली थालीपिठं झाली. टणक राहिलेले मोठे आणि चकचकीत दाणे ठंडाईसाठी आणलेल्या दुधात उकळले. दुधाने ते अर्ध्या तासात पारदर्शक झाले, वर साखर आणि वेलची, झाली खीर. परातीतलं पाणी निवळलं. वरचं पातळ पाणी शिजवून त्याची पेज केली. ज्यांच्या तोंडात दात नव्हते त्यांना ती गरम मिळाली, आणि उन्हातून चढून आलेल्यांना गार करून, ताक, जिरेपूड आणि सैंधव घालून पेल्यातून. पेज पिऊन लोक दुसरा पेला मागायला लागले. आणि बुडाशी बसलेला दाट साका, तो वैजूने शिजवून घट्ट केला आणि चमच्याने थेंब थेंब धुतलेल्या लुगड्यावर टाकला. "चिकवड्या," ती म्हणाली. हा एक शब्द ती पटकन बोलली.

खिचडीही झाली. मऊ दाणा थोडा होता, म्हणून पानात एकेक चमचा. पण मोकळी झाली, सुटी झाली. तिच्यात कोथिंबीर घालायची की नाही यावरून पुन्हा भांडण झालं आणि ती अर्ध्याच पातेल्यात पडली. सगळं सुरळीत झाल्याची ती खूण होती.

बळवंतरावांनी पाच वडे खाल्ले. उपास होता म्हणून पाचच. हात पुसत ते आत्यापाशी आले.

"आत्या, पुढच्या वर्षीपण असंच बिघडू द्या."

"बिघडवायला काय अक्कल लागते, बळवंता? ते मला एकटीला जमतं. पुढच्या वर्षी दाराशी वैजू बसणार आणि रांग पिंपळापर्यंत गेली तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. आहे कबूल?"

"कबूल," बळवंतराव म्हणाले. "आणि केटररला नको म्हणून सांगतो."

दुपार कलली. पंगती उठल्या, फरशी धुऊन झाली. देवळाच्या कठड्यावर लुगडं पसरलेलं, त्यावर चिकवड्यांच्या रांगा वाळत होत्या. आत्या पायरीवर टेकली. दिवसभरात पहिल्यांदा तिला कसली घाई नव्हती, आणि त्यामुळे काय करावं ते सुचत नव्हतं. वैजू पेजेच्या दोन वाट्या घेऊन आली आणि शेजारी बसली.

"वैजू," आत्या म्हणाली, "काल तू तीनदा काहीतरी सांगायला आली होतीस. आता सांग. मी मधे बोलणार नाही."

वैजूने वाटी खाली ठेवली. हात पदराला पुसले. विचार केला. एक कावळा चिकवड्यांवर उतरला. आत्याने तोंडाने हुर्र केलं नाही, नुसता हात हलवला.

"आत्या," वैजू म्हणाली. थांबली. "हे सगळे एका वेळी भिजायचे नाहीत."

हे आता आत्याला कळलं होतं. गावातल्या कुत्र्यांनासुद्धा कळलं होतं. तिने उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकलासुद्धा. पण वैजूचे ओठ अजून पुरते मिटले नव्हते. आत्या परत बसली.

"म्हणजे तुमचा..."

आत्याने पदराचं टोक दातांत धरलं.

"...हात चुकत नव्हता. दोन्ही वर्षी. पाण्याचा अंदाज तुमचा बरोबरच होता. बिघडत होतं ते दाण्यांमुळे."

आत्याच्या तोंडातून पदर सुटला. हेच एक वाक्य तिला हवं होतं. वर्षभर दुपारी चोरून साबुदाणा भिजवून ती वाटीवाटीत हेच शोधत होती. देवापुढे हात जोडून हेच मागत होती. ते घरात होतं, तिच्या पायाशी, आणि तिने तीनदा त्याची मान मुरगळली होती. तिचे डोळे भरून आले. पण ती द्वारकाआत्या होती, रडतानाही वैतागली.

"मग मेले, तुला हे कधी कळलं?"

"मागच्या वर्षी. पंगतीत... पहिल्याच घासाला."

"मागच्या वर्षी! आणि वर्षभर माझा जीव टांगणीला! सांगितलं का नाहीस मला?"

वैजूने पेजेची वाटी उचलली. एक घोट घेतला. शांतपणे आत्याकडे पाहिलं.

"सांगतच होते की, आत्या," ती म्हणाली.

तात्पर्य: सावकाश बोलणाऱ्याचं वाक्य, जीव कितीही वैतागला तरी, शेवटपर्यंत ऐकावं. आपण ज्या बोलासाठी तळमळत असतो तो बरेचदा त्या वाक्याच्या शेवटी असतो, आणि तो तोडण्याचं काम आपणच करत असतो.